मीटर शून्यावर येईपर्यंत

ज्या माणसाशी मी तीन महिने बोलले नाही, तो आज सकाळी गेला.

हसनभाई. मूळचे श्रीवर्धनकडचे. आमच्या सौदीतल्या अल खर्जच्या रेल्वे ट्रेनिंग वर्कशॉपमध्ये सीनियर टेक्निशियन. कामावर निघताना हार्ट अटॅक आला आणि खलास.

मी कब्रस्तानाबाहेर गाडीत बसून हे लिहितेय. इथे दफनाला बायका आत जात नाहीत. पुरुष मंडळी आत आहेत, माझा नवराही. लिहिल्याशिवाय मला घरी जाववणार नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे जपानहून एक जुना डबा आला. तिथे रोज ऑफिसला जाणाऱ्यांची इलेक्ट्रिक ट्रेन, दोनशे पाच सिरीज. स्टीलचा, साधा, कडेला रंगाचा पट्टा. तो पुन्हा चालता करून त्यावर इथल्या मुलामुलींना शिकवायचं होतं.

हसनभाईंनी तरुणपणी जपानच्या कारखान्यात हेच काम केलेलं. डबा ट्रेलरवरून उतरला तसा त्यांनी पत्र्यावर हात ठेवला. म्हणाले, "ही आपल्या ओळखीची."

मी मनात म्हटलं, झालं सुरू. मी नाशिकची इंजिनिअर. मला कागद कळतात, ओळखीबिळखी नाही.

"बाय, हिचं रिफर्बिशमेंट झालेलं आहे. जुन्या मोटर काढून नव्या बसवल्यात. खालच्या त्या बॉक्समध्ये इन्व्हर्टर आहे. त्यातले कपॅसिटर सप्लाय बंद केला तरी चार्ज धरून बसतात."

"ड्रॉइंगमध्ये तसं काही नाहीये, हसनभाई."

"ड्रॉइंग म्हणजे जन्माचा दाखला गो. ऑपरेशन नंतर झालं."

सगळे हसले. मी नाही हसले.

ड्रॉइंगमध्ये त्याच जागी दुसरा एक बॉक्स होता, निरुपद्रवी. तो हाच, असं धरून मी मोकळी झाले.

हसनभाईंची एक सवय होती. जपानमध्ये लागलेली. आत हात घालण्याआधी व्होल्टेजचा मीटर लावायचा, आकड्याकडे बोट दाखवायचं आणि दिसेल ते मोठ्याने बोलायचं. ते मराठीत बोलायचे. "शून्य!"

फिटर लोक चिडवायचे. "यल्ला, चलो हसनभाई, शून्य हो गया, अब चाय!"

मीही चिडवलंय. खोटं कशाला बोलू.

मग तो दिवस.

दोन दिवसांनी मोठे पाहुणे यायचे होते. मॅनेजर सकाळपासून डोक्यावर उभा. मी सप्लाय बंद केला, स्विचला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. बॉक्सचं झाकण काढलं. हातात पाना.

मीटर टेबलावर होता. वीस पावलांवर. त्या वीस पावलांचा मला कंटाळा आला.

"थांब!"

हसनभाई माझ्या मागे तीन पावलांवर होते.

"सप्लाय बंद आहे! किल्ली माझ्याकडे आहे!" मी न बघताच ओरडले आणि हात पुढे केला.

त्यांनी झेप घेऊन माझं मनगट धरलं. सगळ्या वर्कशॉपसमोर. सौदीत. एका बाईचं.

"हात सोडा!"

त्यांनी लगेच सोडला. "माफ कर, बाय. मीटर लाव."

मी रागाने मीटर आणला, रागानेच लावला.

पाचशे चाळीस व्होल्ट.

माझा पाना बॉक्समधल्या तांब्याच्या पट्टीपासून चार बोटांवर थांबला होता. चार बोटं. माझी लेक तेव्हा शाळेत असेल, जेवणाचा डबा घरी विसरून.

हसनभाईंनी डिस्चार्जचा रॉड लावला. आकडा उतरायला लागला. तीनशे. एकशे दहा. चाळीस. मी खाली बसायला गेले, पण त्यांनी मला बसू दिलं नाही.

"बोट दाखव. बोल."

"शून्य."

"मोठ्याने."

"शून्य!"

नंतर मी त्यांना बाजूला घेतलं. "रिपोर्ट नको ना, हसनभाई. लागलं नाही ना कुणाला?"

"आज नाही लागलं. उद्या ह्याच्यात पोरं हात घालणार आहेत. तू लिही. तू नाही लिहिलंस तर मी लिहिणार."

मी नाही लिहिलं. त्यांनी लिहिलं. आठवड्याभरात माझी डब्यावरून ऑफिसच्या टेबलावर बदली झाली.

मी ठरवलं, या माणसाने माझं वाटोळं केलं.

ते रोज दुपारी माझ्या दारात थांबायचे. "काय गो बाय, जेवलीस काय?"

मी मोबाइलमध्ये डोकं घालायचे. ते थोडा वेळ थांबून निघून जायचे. तीन महिने. एकही दिवस चुकला नाही त्यांचा. आणि माझाही नाही.

आज बातमी आल्यावर मी सेफ्टीवाल्याकडून तो रिपोर्ट मागून घेतला. पहिल्यांदा वाचला. हाताने लिहिलेला, इंग्रजी मोडकं, अक्षर मोत्यासारखं.

"इंजिनिअरने जुन्या ड्रॉइंगवर विश्वास ठेवला आणि मीटर लावला नाही. बॉक्स बदललेला आहे हे मला माहीत होतं. मी फक्त तोंडी सांगितलं, ड्रॉइंगवर लिहून सही घेतली नाही. चूक दोघांची. तिला कामावरून काढू नये. ही चूक ती पुन्हा करणार नाही."

मी त्यांच्यावर ज्या कागदासाठी रागावले होते, तो कागद मी वाचलाच नव्हता. आणि म्हणे मला कागद कळतात.

तिथून डब्याकडे गेले. आज क्लास बंद, तरी ट्रेनिंगची मुलंमुली तिथेच उभी होती. बॉक्सवर हसनभाईंनी रंगाने अरबी, इंग्रजी आणि हिंदीत लिहिलंय, आधी मीटर.

रीम नावाची मुलगी रडत होती. मला म्हणाली, "मॅडम, उद्यापासून आम्हाला कोण शिकवणार?"

मी मीटर आणला. वीस पावलं चालून. लावला. बोट दाखवलं.

मी बोलायच्या आत सगळी पोरं बोलली. अरबी वळणाचं, पण मराठीत.

"शून्य!"

उद्यापासून मला डब्यावर परत घ्या, असं मॅनेजरला सांगून आलेय. माझ्या चुकीचा रिपोर्ट मी स्वतः लिहून दिलाय, तीन महिने उशिरा.

आता लोक बाहेर येतायत. मला जायला हवं.

सलाम, हसनभाई. माझा हात धरलात म्हणून माझ्या लेकीला आई आहे.

नाही जेवले हो अजून.