चार सेकंदांचा नाला

सिनेमा पाहताना मी गोष्टीकडे कमी आणि मागच्या भिंतीकडे जास्त पाहतो. ही सवय पक्की झाली ती हैदराबादला. बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेलो होतो. एका जुन्या कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबा खाल्ला, आणि खाता खाता लक्षात आलं की याच पायऱ्यांवरून एका सिनेमातला नायक धावत उतरला होता. सिनेमात मात्र ते गाव विलायतेतलं होतं. मी उठून पायऱ्या मोजल्या. बावीस. चंद्रपूरला घरी आल्यावर तो सिनेमा पुन्हा लावला आणि चित्र थांबवून मोजल्या. बावीसच.

तेव्हापासून एक वही आहे. मुंबईतली एक इमारत तीन सिनेमांत दिल्लीचं न्यायालय झाली आहे आणि एकात इस्पितळ, हे त्या वहीत आहे. लग्नाला, कामाला, कुठेही गेलो तरी अर्धा दिवस काढून मी अशा जागी जाऊन उभा राहतो. बायको म्हणते, "लोकं गाव पाहाले जातेत, तुमी भिंती मोजाले जाता."

माझी नोकरी सरकारी लाकूड आगारात मोजणीची. तिथे टेप धरणारा आकडा मोठ्याने बोलतो. लिहिणारा तो लिहितो आणि लिहिलेलं परत मोठ्याने बोलतो. दोघांचं जुळलं की मगच लठ्ठ्यावर हातोड्याची छाप बसते. घरची वही भरतानाही आमची हीच पद्धत. मी जागा बोलायचो, बायको लिहायची आणि परत बोलायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मुलीचा नर्सिंगचा कोर्स झाला आणि तिला पहिली नेमणूक मिळाली ती अहेरीच्या पुढे, जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. पत्र आलं त्याच आठवड्यात बायकोने विहारातल्या बायांबरोबर एक सिनेमा पाहिला होता. त्याचं नाव लिहीत नाही. गोष्ट गडचिरोलीची म्हणून सांगितलेली होती. तीत एक नर्स गाडीतून जाते, नाल्यापाशी झाडाखाली गाडी अडते आणि स्फोट होतो.

"मी तिले पाठवत नाई," बायको म्हणाली. "नोकरी दुसरी भेटन."

"आई, थो पिक्चर होय," मुलगी म्हणाली.

"पिक्चर होय तं का झालं? कोणी पाह्यल्याबिगर काढला असन का?"

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. तिला जायचं होतं. मलाही तिने जावं असं वाटत होतं. तिचं शिक्षण याच कामासाठी झालं होतं. मी म्हणालो, "मी पाहतो तो सिनेमा. कुठे काढलाय ते सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच मोबाइल घेऊन बसलो. दोन तास सतरा मिनिटं. बाहेरच्या एकूण बारा जागा. गावामागे सुपारीची झाडं आणि घरांना जांभ्याच्या भिंती. आमच्या जंगलात हे दोन्ही नाही. अहेरीचा म्हणून दाखवलेला बाजार एका समुद्रकाठच्या शहरातला होता. मागच्या दुकानाच्या पाटीवर तिथला टेलिफोन कोड दिसत होता आणि त्या बाजारात मी स्वतः उभा राहून आलो होतो. पोलिसांचं मोठं ऑफिस म्हणजे तीच मुंबईची इमारत. मला बरं वाटू लागलं. अशा अकरा जागा झाल्या.

बारावी जागा तो नाला. स्फोट, आग, पळापळ, हे सगळं दुसरीकडचं होतं. तिथली मातीच वेगळी. पण त्याच्या आधी गाडी दुरून येते आणि अर्जुनाच्या झाडाखालून नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, रपट्यावर, उतरते. तेवढी चार सेकंदं आमच्याकडची होती. झाडाला पांढरा पट्टा आणि त्यावर ३७. मुलीच्या केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्याकडेच्या झाडांची मोजणी झाली तेव्हा आकडे बोलणारा मीच होतो. दोन बुंधे जमिनीपासून हातभर वर फुटलेले, म्हणून एक झाड धरायचं की दोन, यावर आमचा वाद झाला होता. एक धरलं. सदतीस. मी चित्र थांबवून पाहिलं, परत पाहिलं. शंका नव्हतीच.

संध्याकाळी बायको वही घेऊन बसली. मुलगी दारात उभी होती. मी बोलत गेलो, बायको लिहीत आणि परत बोलत गेली. अकरापर्यंत सगळं खरं.

"आन् थो नाला?" तिने विचारलं.

"बाहेरचा," मी म्हणालो.

"नाला, बाहेरचा," ती बोलली आणि तिने लिहिलं.

आगारातल्या इतक्या वर्षांत मी चुकीचा आकडा बोललो असेन, खोटा कधी बोललो नव्हतो. मनात हिशेब केला, दोन तास सतरा मिनिटांत चार सेकंदं. आणि चूक पकडणारी ती पद्धत तिथे उपयोगाची नव्हती, कारण लिहिणाऱ्याच्या हातात टेप नसतो.

बायको निवळली, पण पूर्ण नाही. म्हणाली, "चला, एक डाव पाहून येऊ. मंग ठरवू." नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

एसटीने अहेरीपर्यंत गेलो, तिथून काळीपिवळीने पुढे. मी मागच्या बाकावर, बायको आणि मुलगी ड्रायव्हरच्या शेजारी. नाल्यापाशी ड्रायव्हर थांबला. रपट्यावरून गुरं येत होती.

"काऊन थांबले, भाऊ?" बायको म्हणाली.

"ढोरायले जाऊ द्या, बाई. त्यायचाच रस्ता होय, आपण पाहुणे."

ती हसली आणि बाहेर पाहू लागली. झाड तिच्याच बाजूला होतं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग मागे न वळता म्हणाली, "हे झाड पिक्चरातलं होय."

मी बुंध्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं.

"सदतीस होता त्याच्यावर. मले याद आहे. तुमाले मालूम होतं?"

"होतं," मी म्हणालो.

गुरं गेली, गाडी निघाली. मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती रागावेल. ती फक्त पाहत होती, रोग्याकडे पाहतात तशी.

आरोग्य केंद्रात एकच नर्स होती. वय पन्नाशीचं, तिथे नववं वर्ष, आणि आता बदली झालेली. तिने आम्हाला चहा दिला. बायकोने सरळ विचारलं, "बाई, इथी भेव आहे का नाई? खरं सांगा. मले कोणी खरं सांगत नाई."

"कायचं भेव?"

बायकोने सिनेमा सांगितला, वाटेतलं झाडही सांगितलं. नर्स ऐकून म्हणाली, "मी पाह्यला नाई. इथी नेटवर्क राह्यते तवा लाइट नाई राहत, लाइट राह्यते तवा नेटवर्क." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "पहिले होतं तसलं भेव. आता कमी आहे. नाईच म्हणून मी सांगणार नाई. पण थ्या झाडापाशी मले भेव वाटते, थे दुसरं. परसालच्या पावसाळ्यात नाला चढला. बाळंतीण गाडीत, मी संगं. सहा तास त्या झाडाखाली बसून होतो. लेकरू वाचलं. बाई नाई वाचली."

सहा तास, हा आकडा मी मनात धरून बसलो आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना. सिनेमातल्या चित्राची जागा शोधणं मला येत होतं. अकरा जागा बाहेरच्या आहेत हे मी सिद्ध केलं होतं. त्यातून या जागेबद्दल मला काहीच कळलं नव्हतं, आणि तरी ते सांगून मी मुलीला इथे पाठवायला निघालो होतो.

मुलीने विचारलं, "मॅडम, बाळंतपणाच्या तारखांची यादी आहे?"

नर्सने रजिस्टर काढलं. दोघी त्यावर वाकल्या. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या नऊ बाया होत्या. "यायले नाला चढाच्या आधीच अहेरीले ठेवलं तं?" मुलगी म्हणाली.

"घरचे ऐकत नाईत ना, पोरी. धान रोवाचे दिवस. घरोघरी जाऊन सांगा लागते. मी एकटी किती फिरू?"

"नऊच घरं आहेत."

"नऊ घरं सात गावांत आहेत," नर्स म्हणाली.

मुलीने पिशवीतून पेन काढलं आणि गावांची नावं उतरवून घेतली. बायको तिच्याकडे पाहत होती. मला वाटतं तेव्हाच ते ठरलं.

परतीच्या एसटीत बायको माझ्या शेजारी बसली नाही, मुलीजवळ बसली. घरी आल्यावर पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोरगी जाते. तुमी सांगतलं म्हणून नाई, तिनं थे रजिस्टर पाह्यलं म्हणून. आन् तुमी मले झाडाचं पहिलेच सांगतलं असतं, तं मी भेली असती, रडली असती, पण मले मालूम तं राह्यलं असतं. तिची माय होय मी."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलं नाई. तुमी जाणून केलं."

ते तसंच होतं.

मुलगी बाराव्या दिवशी हजर झाली. आता पाऊस सुरू आहे. नऊपैकी सहा बाया तिने अहेरीला पोचवल्या. तीन घरं अजून ऐकत नाहीत, त्यात एक नाल्याच्या पलीकडचं. नेटवर्क लागलं की ती फोन करते, बहुतेक सकाळी. काल फोन मी उचलला. ती म्हणाली, रपट्यावर पाणी गुडघ्याच्या वर आहे, पण गाडी निघते. मी फोन कानालाच धरून बायकोला तसंच सांगितलं, एक शब्द कमी-जास्त न करता.

बायकोने हाताला लागलेली कणीक धुतली, पदराला हात पुसले आणि फोन माझ्याकडून घेतला.

"सांग पोरी," ती म्हणाली, "पाणी किती आहे?"