जाळी निघाली होती

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, फोनवर आईजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

आठवीत माझी शाळा सुटली. इथे परदेशात, पेंडल हिलला आले तेव्हा इंग्रजीत फक्त 'सॉरी' यायचं. शोभाताईंनी त्यांच्या जेवणाच्या डब्यांच्या किचनमध्ये कामाला घेतलं. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा गॅरेजमागची खोली दिली. अशा माणसाविरुद्ध तोंड उघडायचं कसं? — नाही, हे कारण नाही. नुसतं सांगतेय.

कणीक मळायचं मोठं मशीन होतं, त्यावर लोखंडी जाळी. जाळी उचलली की तिच्याखालचं बटण सुटून मशीन बंद पडायचं. दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर आलेल्या. ताई म्हणाल्या, "काढून टाक गं ती कटकट. बटणाला चिकटपट्टी लाव." स्क्रू मी फिरवले. मीच.

गीता भाजीवर असायची. मशीनवर जाळी असते, हेही तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिला तिथे उभं केलं — तेही मीच. तिची दोन बोटं गेली. तो आवाज — जाऊ दे.

पूर्वी असं झालं की इन्स्पेक्टर यायचा, धंद्याला दंड व्हायचा, मिटायचं. पण राज्याच्या पार्लमेंटने नुकताच कायदा वाढवला होता. सरकारी वकिलाला आता खुद्द मालकावर खटला भरता येणार होता. फक्त मालकाने जाणूनबुजून जाळी काढायला लावली, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

ताईंनी मला खोटं बोल म्हटलं नाही. चिकटपट्टी त्यांनी आधीच ओढून टाकली होती. मी सरकारी वकीलबाईंकडे निघाले तेव्हा एवढंच विचारलं, "जेवलीस का गं?"

वकीलबाई समोर, दुभाषी फोनवर. आवाजावरून कोल्हापूरकडची. बाईंनी आधीच सांगितलं होतं, तुमच्यावर काही येणार नाही. मग कशाला भ्यायले मी? त्यांनी विचारलं, जाळी का नव्हती?

"निघाली होती," मी म्हटलं.

दुभाषी हळूच म्हणाली, "निघाली, का काढली? नीट सांगा ताई. इंग्लिशमध्ये दोन्ही येगळं होतंय."

मराठीत नाही का होत वेगळं? आठवी नापासालाही कळतं. एकात माणूस असतो, एकात नसतो.

"निघाली," मी म्हटलं. "आपोआप."

खटला उभा राहिला नाही. दंड झाला, जाळी परत बसली. मी अजून त्याच खोलीत राहते.

आणि गीता? किचनमध्ये सगळे म्हणायचे, हिचं लक्ष फोनमध्ये असेल. गेल्या महिन्यात ती स्टेशनजवळच्या दुकानात भेटली. पिशवी डाव्या हातात. उजव्या हाताने माझं मनगट धरलं — त्या हातात जेवढं उरलंय तेवढ्याने.

"तू होतीस म्हणून बरं," म्हणाली. "नाहीतर सगळे मलाच वेंधळी म्हणत राहिले असते. तू सांगितलंस म्हणून कळलं, मशीनच खराब होतं. उपकार झाले बघ."

मी म्हटलं, "असू दे गं."