खुर्चीत अडकलेला मंत्री

इंग्लंडमधल्या लीड्सच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या बेडवरच्या बाईने ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला आणि ती म्हणाली, “बास झालं आता.” ती मूळची पेरू देशाची, माझ्याच वयाची. तिकडे दीडशे वर्षांपूर्वी एक कवी होता. मंत्र्यांची, बिशपांची टर उडवून तुरुंगात गेला आणि तिथूनही लिहीत राहिला. त्याच्या कविता तिला आजोबांनी पाठ करून घेतलेल्या. त्या ती मला मोडक्या इंग्रजीत सांगायची. माझी शाळा चौथीपर्यंत, पण हसायला तेवढी पुरते. आदल्या दिवशी खुर्चीत अडकलेल्या जाड्या मंत्र्याची कविता अर्धी राहिली होती. नागपूरची नर्स घाबरून म्हणाली, “आजी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!” मला गोड बोलता येत नाही. मी बाईला म्हटलं, “मरायचं तर खुशाल मर, पण त्या मंत्र्याचं काय झालं ते सांगून मर.” ती हसली, हसताना धाप लागली, आणि सांगायला दम हवा म्हणून तिने स्वतःच मास्क लावला. मंत्र्याला खुर्चीतून सोडवायला तिने चार दिवस घेतले, रोज दोन ओळी. हात धुवायच्या जेलचा वास आला की अजून मला ती खुर्ची आठवते. त्या वॉर्डातून आम्ही दोघी जिवंत घरी आलो.