दादाला सांगत सांगत

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. मीच त्याच्यासमोर उभं राहायचं टाळत होतो. बालाघाटला आमच्या घरापासून वैनगंगेचा घाट दहा मिनिटांवर. तिथल्या महादेवाला मी बावीस वर्षं पायरीवरूनच हात जोडले. बायको म्हणायची, "काहून जी, आत जायले देव चावते का?" मी हसून वेळ मारून न्यायचो. आत गेलो तर एक गोष्ट सांगावी लागेल, ही भीती होती. ती आता लिहितो.

दादा माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे तोच बाप. आम्ही दोघं एकाच सरकारी कचेरीत होतो. जुन्या कागदांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे, मी नवखा बाबू. लालबर्‍याच्या एका बड्या गृहस्थाला त्यांच्या शेताचा जुना नकाशा बघायचा होता. माझी केवढी पोच आहे हे दाखवायची खुमखुमी मला आली. खुंटीवरच्या दादाच्या सदर्‍यातून किल्ली काढली, नकाशा काढला, किल्ली घाईनं सदर्‍यात परत सरकवली, त्यांना नकाशा दाखवून आलो, आणि परतताना तो बसमध्येच विसरलो. पुन्हा सापडला नाही. चौकशी दादावर आली. त्या आठवड्यात जेवताना त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मी ताटातला भात कालवत राहिलो. दादाची नोकरी गेली. तो दिल्लीला जाऊन पुस्तकं बांधायच्या कारखान्यात लागला, लग्न केलं नाही, पुन्हा गावी आला नाही. दर दिवाळीला पोस्टकार्ड यायचं: "तब्येत जप." मी त्याला एकदाही लिहिलं नाही की नकाशा मी नेला होता.

थंडीत दिल्लीहून त्याच्या शेजार्‍यांचा फोन आला, दादा गेला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. लाल कापडात बांधलेला एक तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला. दहावा वैनगंगेवर व्हायचा होता, आणि धुक्यामुळे गाड्या दिवस-दिवस उशिरानं धावत होत्या, म्हणून मुलानं नागपूरपर्यंत विमानाचं तिकीट काढून दिलं. फोनवर बायको म्हणाली, "भाऊजींले सांगत सांगत आना. वळन आलं, नदी आली, का सांगाचं. नाई तं त्यांचा जीव तिकडंच भटकत राहीन."

आमच्याकडची ही रीतच आहे. अस्थी जमिनीवर टेकवायच्या नाहीत, आणि गेलेल्या माणसाला वाट सांगत आणायचं. पण मला लाज वाटली. टॅक्सीत ड्रायव्हर होता, विमानतळावर माणसंच माणसं. तपासणीवाल्यानं पिशवीवर बोट ठेवून विचारलं, "इसमें क्या है?" मी म्हणालो, "राख." माझा भाऊ आहे, असं तोंडातून निघालं नाही.

विमानात मी पिशवी मांडीवर घेऊन कोटाखाली झाकली. शेजारी लुगडं नेसलेली सत्तरीची एक बाई होती. लांजीकडच्या खेड्यातली, फौजेतल्या मुलाकडे राहून परत चालली होती. तिनं फुटाण्यांची पुडी पुढे केली, मी मान हलवली. खाली ढगांचा कापूस पसरला होता, त्यावर दुपारचं पिवळं ऊन. आवाजाची अशी गुंगी चढली की आपण कुठून निघालो, कुठे चाललो, काही लक्षात राहीना. मांडीवरचा तांब्या मात्र कोमट लागत होता. माझ्याच अंगाची ऊब असेल.

नागपूर जवळ आलं, विमान खाली उतरू लागलं, आणि पुन्हा वर चढलं. थोड्या वेळानं वैमानिकाचा आवाज आला. अगदी शांत. चाकं खाली आल्याचा दिवा लागत नाहीये. चाकं पक्की बसली आहेत की नाही कळत नाही. इंधन कमी होईपर्यंत आम्ही घिरट्या घालू आणि मग उतरू. कुठेतरी मूल रडलं.

"हे इमान काहून गिरकी घेऊन राह्यलं जी?" बाईनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या लांजीच्या बसचं तं चाकच निखळलं होतं, तरी पोचलो. याचा तं निस्ता दिवाच लागत नाई म्हन्तेत." आणि फुटाणे खात राहिली.

तास-सव्वा तास आम्ही त्या आभाळात गोल फिरत होतो. सूर्य एकदा डावीकडच्या खिडकीत यायचा, एकदा उजवीकडच्या. खाली तळी आरशासारखी उजळायची आणि विझायची. हवाई सुंदर्‍या रांगेरांगेतून फिरून लोकांचे चष्मे, पेनं, उंच टाचांच्या चपला काढायला लावत होत्या. डोकं पुढच्या खुर्चीला कसं टेकवायचं ते करून दाखवत होत्या. त्यातली एक आमच्याजवळ थांबली. विशी-बाविशीची पोर, ओठ कोरडे पडलेले, पण आवाज ठाम. मला म्हणाली, "सर, माताजी अकेली हैं. उतरना पड़ा तो इनका हाथ आप पकड़ेंगे. दोनों हाथ ख़ाली चाहिए. ये बैग ऊपर जाएगा, और वहीं रहेगा."

मी पिशवी घट्ट धरली. नाही म्हणालो. तिनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा नाही म्हणालो. एकदा त्याला टाकून दिलं होतं, आता जळत्या विमानात टाकून पळू? ती पोर हात पुढे करून उभीच राहिली.

तेव्हा शेजारची बाई हळूच म्हणाली, "भाऊ, कोन आहे पिशवीत?"

काय आहे, असं नाही. कोन आहे. मी म्हणालो, "दादा."

"मंग त्याले सांगतलं का, आपन कुठी आहो ते?"

मला हुंदका आला. बावीस वर्षांत आला नव्हता. मी तांब्यावर तोंड ठेवलं आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं, सांगू लागलो. दादा, आपण विमानात आहोत. चाकाचा दिवा लागत नाहीये. दादा, नकाशा मी नेला होता. किल्ली तुझ्या सदर्‍यातून मी काढली होती. त्या दिवशी जेवताना मी बोललो नाही. आज पुन्हा तुला ठेवून जावं लागतंय, पण या वेळी सांगून ठेवतोय. या शेजारच्या मावशीचा हात धरायचा आहे.

आणि पिशवी त्या मुलीच्या हातात दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, मूल घ्यावं तशी, आणि वर ठेवली. माझ्या मांडीवर काहीच उरलं नाही. मी मावशीचा हात धरला. तळव्याला शेतातले घट्टे होते. डोकं टेकवलं. भीती गेली असं म्हणणार नाही. पण ती माझ्या एकट्याची राहिली नव्हती. कुणीतरी ती माझ्याबरोबर उचलून धरली होती. कोण, ते मी विचारलं नाही.

चाकं टेकली. टिकली. पुष्कळ पुढे जाऊन विमान थांबलं, तेव्हा बाहेर पाण्याचे बंब उभे होते आणि ऊन तांबूस झालं होतं. त्या मुलीनं पिशवी खाली काढून पुन्हा माझ्या हातात दिली. नंतर कुणी म्हणालं, चाकं ठीकच होती, दिवाच बिघडला होता. असेल तसंही.

मावशीला घ्यायला तिचा भाचा आला होता. जाताना म्हणाली, "राजेगावचा पूल आला का सांगजो बरं त्याले. तिथून आपला मुलूख लागते." दुसर्‍या दिवशी गोंदियाहून येताना, भरल्या बसमध्ये, मी मोठ्यानं सांगितलं, "दादा, राजेगावचा पूल आला." कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरच्या माणसानं टोपी काढली.

दहाव्याला घाटावर भाऊबंदांसमोर मी सगळं सांगून टाकलं. बायकोनं मान खाली घातली. कचेरीतले जुने चपराशी सखारामकाका काठी टेकत पुढे आले. म्हणाले, "त्याले मालूम होतं, बापू. किल्ली सदर्‍याच्या दुसर्‍या खिशात सापडली, तवाच समजला तो. मले म्हने, काका, कोनाले बोलू नका. लहान आहे, भेते तो."

मी नदीत उतरलो. तांब्या पाण्यात रिता झाला तेव्हाही सांगितलं, "दादा, घर आलं."

शरण जाणं म्हणजे मागणं, असं मी समजत होतो. त्या दिवसानंतर मी देवाकडे फारसं मागत नाही. ज्यानं आधीच सगळं जाणून मला सांभाळलं, त्याच्यापासून काय लपवायचं? त्याला सांगायचं, आणि मुठी सोडायच्या. घाटावरून ओल्या अंगानं त्या दिवशी प्रथमच महादेवाच्या गाभार्‍यात गेलो. दुसरं काही सुचलं नाही. पिंडीवर हात ठेवून म्हणालो, "आलो."