व्हर्लिनला कुणी धरेना

माझा जावई व्हर्लिन वाईट नव्हता, नुसता सापडायचा नाही. कुणाचंही बिघडलेलं वॉशिंग मशीन त्यानं हात लावला की चालू व्हायचं, आणि हा पैसे मागायचं विसरून घरी यायचा. माझ्या लोरेटाशी घटस्फोट झाल्यावर लेकीच्या, ओपलच्या, पोटगीचे पैसे द्यायचंही असंच विसरला. लोरेटानं कोर्टातून वॉरंट काढलं, तोवर स्वारी केंटकी सोडून पार कॅन्ससात.

त्या उन्हाळ्यात ओपलनं शाळेच्या बँडमध्ये ट्युबा उचलला. पोरगी चिमूटभर आणि ते पितळी धूड एवढं मोठं! मागून बघितलं तर वाटायचं, भोंग्यालाच पाय फुटलेत. शनिवारच्या जत्रेत ती एकटी वाजवणार होती.

"आजी, बाबा आला नाही तर मी फुंकणारच नाही," म्हणाली. हट्ट बापाचा, फुप्फुसं आमची.

व्हर्लिनचा फोन यायचा तो नेहमी आमच्याच खर्चानं. मी म्हटलं, "मेल्या, पोरगी वाट बघतेय. ये."

"आई, बसच्या भाड्यापुरते पण नाहीत हो." मग एकदम ओरडला, "थांबा! माझ्यावर वॉरंट आहे ना? मग सरकार नेईल की मला, फुकटात!"

दुसऱ्या दिवशी परत फोन. रडायच्या बेताला आलेला.

"आई, घेत नाहीत हो मला."

"कोण घेत नाही?"

"पोलीस. आपल्या काउंटीनं कळवलंय म्हणे, शेजारच्या राज्यात सापडला तर आणू, त्यापलीकडं पेट्रोल परवडत नाही. मी म्हटलं, अहो, मी फरारी आहे! तर तो शिपाई म्हणतो, असशील, पण एवढा नाहीस."

"शेजारचं राज्य म्हणजे कुठलं रे?"

"मिझुरी."

"आणि तू राहतोस कुठं?"

"हद्दीच्या रस्त्यावर. पावाच्या दुकानाच्या वर."

"रस्त्याच्या पलीकडं काय आहे?"

फोन तसाच ठेवून तो खिडकीतून बघून आला. तेवढ्या वेळाचे पैसेही मीच भरत होते.

"...मिझुरी," तो म्हणाला.

"मग ओलांड की, गाढवा! आणि गाड्या बघून ओलांड."

पलीकडच्या पोलिसांनी त्याला प्रेमानं बेड्या घातल्या. केंटकीला न्यायला हरकत नाही असा कागद पुढे केला, तो यानं न वाचताच सही करून दिला. आणायला आमच्या शेरीफचा शिपाई डेन्झिल गेला. त्याच्या बायकोचं मशीन व्हर्लिननं दोनदा फुकट नीट केलेलं. येताना तुरुंगाच्या आधी जत्रा लागते, आणि डेन्झिलला नेमकी तिथंच भूक लागली.

लोरेटा कमरेवर हात ठेवून उभी. "आणलंस का हे ध्यान?"

"आणलं, ताई. दोन घास खाऊन लगेच आत टाकतो."

ओपलनं बापाला बघितलं आणि फुंकलं. काय सांगू! गोठ्यात म्हैस अडकली की जसं होतं, तसं. माणसं आपापल्या पायांकडं बघायला लागली. टाळ्या वाजवणारा एकटा व्हर्लिन, आणि प्रत्येक टाळीला बेडी खणखण.

शेवटी लोरेटाच ओरडली, "डेन्झिल, काढ त्या बेड्या! पोरीचा ताल चुकतोय!"

तालाचा आणि त्या वाजवण्याचा काही संबंध नव्हता, पण डेन्झिलनं काढल्या.

सोमवारी जज्जानं ठरवलं: दिवसा लाँड्रीत नोकरी, पगारातले ओपलचे पैसे आधी लोरेटाच्या हातात, आणि थकबाकी फिटेपर्यंत रात्री तुरुंग. ओपल खूश. रोज संध्याकाळी ट्युबा घेऊन बापाच्या खिडकीखाली सरावाला जायची.

आठवडा व्हायच्या आत बाकीच्या कैद्यांनी मिळून जज्जाकडं अर्ज केला, व्हर्लिन भला माणूस आहे, त्याला झोपायला घरी सोडा.