तिच्या हाळीचा उतार

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथीच्या जुड्या. ओटीवर बसून ती मूठ जुळवायची, मी केळीच्या सोपटाने बांधायचो. आमची भाजीची वाडी गास गावात, तिची गिऱ्हाइकं नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगींत. विकायला तीच जायची. मी एकदा गेलो होतो, हाळी दिली, तर कोणी खाली उतरलं नाही.

"उतरतील कशाला? आग लागल्यासारखं वरडता तुमी," त्या संध्याकाळी जुड्या बांधताना ती म्हणाली.

"शब्द तर तुझेच होते. भाजी घ्या गो."

"शब्दांना कोन इचारतो? तो 'गो' वर नाय फेकायचा. हळूच खाली ठेवायचा. पान्याची कळशी ठेवतो तसा."

मी हसलो. म्हटलं, तू जातेस ना, मग मला शिकून काय करायचंय?

पहाटे ती उठलीच नाही. दुपारी तिला स्मशानात पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ओल्या गोणपाटाखाली जुड्या तशाच हिरव्या. मुलगा म्हणाला, "बाबा, सुतक आहे. म्हशीला टाका." मेथीला कसलं सुतक? आणि त्या बायका वाट बघणार. कोण कुठल्या मजल्यावर, मला ठाऊक नाही. निम्म्यांना मराठी येत नाही. ती गेली हे त्यांना सांगणार कोण?

टोपली घेऊन गेलो. बिल्डिंगीखाली हाळी दिली. एकही खिडकी उघडली नाही. परत ओरडलो, घसा धरला. हल्ली भाजीवाले भोंग्यावर रेकॉर्ड लावतात, त्यात माझी हाळी कोण ऐकतो!

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून एका बाईने खाली खेळणाऱ्या पोरीला हाक मारली, "घर आ जा रीऽऽ." बोली उत्तरेकडची, पण तो 'री' तिने हळूच खाली ठेवला. आमच्या हिचाच उतार. रोज ऐकून तिच्या गळ्यात बसलेला. मला वाटलं होतं, तो काल हिच्याबरोबरच जळाला.

हिच्या हाळीचा अर्थ 'विकत घ्या' असा नव्हताच कधी. 'मी आलेय, या' असा होता. त्या बाईला भाषा न येता कळला. मला जन्मभर शेजारी बसून नाही.

टोपली खाली ठेवली. "भाजी घ्या गोऽऽ." शेवट तसाच उतरवला. आवाज मधेच फाटला, पण खिडक्या उघडल्या.

"मावशी कहाँ है?" वरून त्याच बाईने विचारलं.

मी हाताने खाली बोलावलं. एकेकीच्या हातात जुडी देत ती गेल्याचं सांगितलं. ती बाई डोळे पुसत म्हणाली, "कल आओगे, काका?"

येतो म्हटलं. घरी आलो आणि मेथीच्या वाफ्याला पाणी सोडलं.