जेठातला तारपा

हाल्या तारपेवाला म्हटलं की तलासरीत कुणीही आमच्या पाड्याची वाट दाखवील. तो माझा बाप. पंचाहत्तरी ओलांडली, दात पडले, पण दुधीच्या त्या लांब वाद्यात त्यानं फुंक घातली की अजून म्हाताऱ्यासुद्धा कमरेला हात घालून फेर धरतात. आणि एवढा मोठा वाजवणारा त्याच वाद्याला असा घाबरतो की विचारू नका.

आमच्यात तारपा बारमाही वाजत नाही. नवं भात पिकलं, धान्याची देवी कणसरी पुजली, की काढायचा. दिवाळी उलटली की परत आढ्याला टांगायचा. पेरणीच्या दिवसांत त्याला कुणी हात लावत नाही, देव कोपतो. बाबानं एकदा लावला होता. तरणा होता तेव्हा, ऐन जेठात. त्याच आषाढात त्याचा पाठचा भाऊ बारक्या, माझा काका, पान लागून गेला. लावणीच्या चिखलात साप डसला. तेव्हापासून बाबा म्हणतो, "मी वाजवला म्हणून देवानं त्याला नेला."

आणि यंदा जेठातच हा जिग्नेश उगवला. मी चारोटीच्या हॉटेलात भजी तळते, तिथं येऊन विचारत होता, जुना तारपेवाला कुणी आहे का. डोकं तापलेलं, गिऱ्हाईक ओरडतंय, मी म्हटलं फोटोबिटो काढायचा असेल. आणलं घरी. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

त्याच्याकडं एक पेटी होती, आत रेकॉर्ड लावायचं यंत्र. म्हणाला, "मावशी, साठ-सत्तर सालच्या सुमाराला घोलवडच्या चिकूवाडीतल्या पोरांनी एक बॅन्ड काढला होता, द सॉल्ट पॅन. लांब केस, इलेक्ट्रिक गिटार, ऑर्गन. एकच रेकॉर्ड निघाली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला ती भंगारात सापडली. अख्खी एक बाजू एकच गाणं आहे, आणि त्याच्या पोटात तारपा वाजतोय. मुंबईची पोरं वेडी झालीत ऐकून. वाजवणाऱ्याचं नाव तेवढं कुठं नाही."

बाबाचं तोंड पांढरंफटक पडलं. "तो मीच," म्हणाला, "त्याच जेठातला. पण लावू नको ती. पाया पडतो तुझ्या."

मी वैतागले. "अरे बाबा, तारपा तर वर टांगलाय! ही नुसती तबकडी. तबकडीला कसला जेठ न् कसला आषाढ?"

"सुके, फुंक तर माझीच ना ती?" बाबा म्हणाला, आणि त्यानं आतल्या खोलीकडं बघितलं. आत माझी पोर शितल होती, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. माझ्याही काळजात धस्स झालं. वरवर मी कितीही तोंड चालवलं तरी पाड्यातच वाढलेय. "भाऊ, राहू द्या," म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात शितलच दारात आली. "लावा हो," म्हणाली, "तरणा आजा मला कधी ऐकायला मिळणार?" तिनं ऐकलंय कुणाचं? जिग्नेशनं सुई टेकवली.

आधी नुसती खरखर, मग गिटार अशी कण्हायला लागली की आमचा कुत्रा उठून निघून गेला. ढोल येत होता, थांबत होता, ऑर्गन घुमत होतं. कसलं हे गाणं! माझी तर पाचावर धारण बसली. आणि मग खालून तारपा आला. बाबानं कान झाकून घेतले, डोळे मिटले. मी शितलला ओढून जवळ बसवलं.

थोड्या वेळानं बाबाचे हात खाली आले. त्यानं मान वाकडी करून ऐकलं, अजून पुढं सरकून ऐकलं.

"हा मी नाय," तो म्हणाला.

"आजोबा, तुम्हीच म्हणालात..." जिग्नेश म्हणाला.

"त्या पोरांच्या वाडीत मी थोडा वाजवला. मग आभाळ गडगडलं आणि मी घाबरून पळालो, तारपा तिथंच टाकून. बारक्या आणायला गेला. दुसऱ्या दिवशी घेऊन आला, बोलला काहीच नाय." बाबानं पेटीकडं बोट केलं. "हा बारक्या आहे. चाल बदलताना असा अडखळायचा, मी रागवायचो त्याला. ऐक, सुके, ऐक. अडखळला बघ!"

रडत होता, हसतही होता. काकाचा एक फोटोसुद्धा नाही आमच्याकडं. आणि तो इथं, आमच्या ओसरीवर, जेठाच्या उन्हात, दम न तोडता वाजवत होता. ज्यानं वाजवला त्यालाच देवानं नेला, हे माझ्या मनात आलं. ऐकायला लावणारी तर माझीच पोर होती.

बाबाचं रडू बघून जिग्नेश बिचारा गडबडला. सुई उचलायला त्यानं हात पुढं केला.

"उचलू नको!" बाबा किंचाळला. "उचलू नको रे, तो मरंल!"

जिग्नेशनं माझ्याकडं बघितलं. शितलचा हात माझ्या हातात होता, तो मी इतका दाबला की ती कळवळली.

"वाजू द्या, भाऊ," मी म्हणाले.